विणलेल्या राक्षसाचा पंचनामा

वाटूर फाटा
१९ जानेवारी

भारत,

सुरुवातीला चि. आणि शेवटी आशीर्वाद मुद्दाम लिहिलेले नाहीत. विसरलो असं समजू नकोस. मी काही विसरत नसतो.

फोन करत नाही, कारण फोनवर तू ओरडतोस आणि तोडतोस. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही. आदिनाथचा टेम्पो रोज एमआयडीसीत येतो, त्याच्यासोबत देतोय. पाकीट चिकटवलं नाही, शिवलंय. त्यानं वाटेत उघडलं तर तुला टाक्यावरून कळेल.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी भरदुपारी तू जालन्याहून आलास आणि माझ्या घरात, मधल्या खोलीत जे केलंस, त्याचा हा पंचनामा.

मी विणलेल्या राक्षसाचं पोट तू विळ्यानं उभं फाडलंस. आतला कापूस आपल्या रानातला, सरकी वेचून मी हातानं पिंजलेला. तो चुलीपर्यंत उडालेला होता. त्याची दाढी तू मुळासकट उपटलीस. त्या दाढीबद्दल गोष्टीच्या जाड्या पुस्तकात लिहिलंय, ‘गंजलेल्या फाळाच्या रंगाची’. तसली लोकर जालन्यातल्या एकाही दुकानात मिळाली नाही. म्हणून मी पांढरी लोकर आधी चहाच्या पाण्यात उकळली, मग खिळे भिजवलेल्या पाण्यात ठेवली, मग परत चहात. तेव्हा कुठं तो रंग उतरला. तुला उपटायला किती वेळ लागला?

चेटकिणीचं मुंडकं सापडलं, धड अजून सापडलं नाही. कोल्हा प्रधान चुलीत गेला. राजपुत्राला तू पायाखाली घेतलंस, त्याचा मुकुट जमिनीच्या भेगेत रुतला होता, चिमट्यानं काढला. पंखांची घोडी तेवढी शाबूत आहे, पण पांढरी राहिली नाही. मानेपासून पाठीपर्यंत लाल झाली. तुझ्या वहिनीनं, गोपिकाबाईनं, मिठाच्या थंड पाण्यात भिजवली, पाणी बदलत राहिली. जात नाही. लोकर रक्त धरून ठेवते, हे मला माहीत नव्हतं.

माणसांचं काय झालं ते मी लिहिणार नाही. मी तुझ्या बायकोचा भासरा. धाकट्या भावाच्या बायकोकडं मान वर करून बघायची आपल्या घरात रीत नाही. मी बघितलेलं नाही. गोपिकाबाई तिला घेऊन मंठ्याला डॉक्टरकडं जाऊन आली. परत आल्यावर ती टाके किती पडले ते मला सांगायला लागली, तेव्हा मी उठून माझ्या मोटार दुरुस्तीच्या दुकानात गेलो आणि एका पाणबुडी मोटारीचं वायंडिंग सोडत बसलो.

तुझं बोलणं मात्र ऐकलंय. फाट्यापर्यंत ऐकू गेलं. ‘तुझा भासरा बायकी कामं करून राह्यलाय, आन तू त्याच्या बाहुल्यांत कापूस भरून राह्यलीस! कुणासाठी चाललंय हे?’

तुझ्या पोरीसाठी चाललं होतं. साक्षीनं ते पुस्तक वाचायला घेतलं आणि मला म्हणाली, मोठेबाबा, हे सगळे मला हातात पाहिजेत. तेच पुस्तक, भारत. शाळेच्या रद्दीतून मी आणलेलं, ना वरचं पान, ना नाव. तुला वाचता येत नव्हतं तेव्हा मी वाचायचो आणि राक्षसाची डरकाळी तू फोडायचास. घोडी मेली त्या पानावर तू रडला होतास. ते पान अजून चिकटलेलं आहे.

रामकिसन


२ फेब्रुवारी

भारत,

पत्राचं उत्तर पत्रानं द्यायचं असतं. तू आदिनाथच्या तोंडी निरोप धाडलास. तो बिचारा दुकानात येऊन उभा राहिला, मान खाली घालून म्हणाला, ‘रामकिसनभाऊ, तो म्हनला, बाहुल्यांचं रडगाणं बंद करा. म्हाशिवरात्रीला येतो, दोघींना जालन्याला घेऊन जातो. रूम बघून ठिवली. थोरल्याला म्हणावं तयारी करून ठेव.’

आदिनाथनं शिव्या गाळल्या असणार, कारण सांगताना तो मधे मधे थांबत होता.

तू माझ्याकडून ‘हो’ मागतोयस, हे बराबर आहे. घरातला थोरला मी. मी हो म्हटलं तर तुझी बायको निमूट गाडीवर तुझ्या मागं बसून जाईल, आणि मी नाही म्हटलं तर उंबरा ओलांडणार नाही. तिला कुणी विचारलेलं नाही, तिनं काही सांगितलेलं नाही. माझ्यासमोर ती आजवर एक अक्षर बोललेली नाही. मी विचार करतोय. मला घाई करू नकोस. घाईत केलेलं मी उसवून टाकत असतो.

राक्षस परत विणायला घेतलाय. जुना नमुना कागदावर नव्हता, डोक्यात होता. कुणी विचारतं, तुम्ही कुणाकडं शिकलात? कुणाकडंच नाही. गोपिकाबाईच्या रुखवतात आलेलं तोरण मी लग्नानंतर एका दुपारी टोकापासून पूर्ण उसवलं, दोरा कुठून कसा जातो ते बघत. सुईसुद्धा सायकलच्या तारेची, कानशीनं घासून आकडा केलेली. तोरण मी परत विणून दिलं, आधीपेक्षा बरं. पण ती अजून लोकांना सांगते, ‘आमच्या ह्यांनी माझं सौभाग्याचं तोरण उसवलं, मंग मी काय सुखी व्हनार?’

बायकी काम म्हणतोस. मोटारीच्या खाचेत तांब्याची तार बसवताना एक वेढा चुकला की मोटार जळते. हे काम त्याच जातीचं आहे.

आता तुझ्या लेकीचं ऐक. राक्षस छातीपर्यंत झाला, डोकं झालं, एकच डोळा कपाळाच्या मधोमध लावला, काळा मणी, भोवती पिवळा दोरा. मी पाणी प्यायला उठलो. परत आलो तर साक्षीनं माझी सुई त्या डोळ्यात खुपसलेली. एकदा नाही. खुपसत होती, काढत होती, खुपसत होती. दात आवळलेले. मणी फुटून खाली पडला तरी हात थांबत नव्हता. मी मनगट धरलं तर तिनं माझ्या हाताला चावा घेतला. वण आहे.

मग आपणच म्हणाली, ‘पुस्तकात राजपुत्र त्याला डोळ्यातच भाला मारतो ना?’

हे खरं आहे. शेवटून तिसऱ्या प्रकरणात. त्यामुळं मला तिला चूक म्हणता येईना.

पण नंतर ती म्हणाली की नव्या राक्षसाला हात विणू नका. मी म्हटलं, असं चालणार नाही, पुस्तकात त्याचे हात गुडघ्यापर्यंत आहेत आणि पंजावर केस आहेत. जे लिहिलंय ते विणायचं. ती म्हणाली, ‘मंग मी झोपणार न्हाई त्याच्याजवळ.’ मी म्हटलं, नको झोपू. संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. गोपिकाबाई म्हणाली, ‘पन्नाशीला आले, आन लेकराशी कट्टी करून राह्यले.’

मी हात विणले. केसांसकट.

रामकिसन


१६ फेब्रुवारी

भारत,

तुला उत्तर पाहिजे, तर हे पत्र शेवटपर्यंत वाच. वाचताना बिडीचं थोटूक कागदावर पाडू नकोस.

साक्षीला आता राजपुत्राची आई पाहिजे. मी पुस्तक तीनदा चाळलं. राजपुत्राच्या आईचं त्यात वर्णनच नाही. एकच ओळ आहे, ‘तिला राक्षसानं नेलं.’ केस कसे, उंची किती, लुगडं कुठलं, काही नाही. एवढं जाडं पुस्तक लिहिणाऱ्यानं घोडीच्या खुरांचा रंग सांगितलाय आणि आईचं तोंड सांगितलं नाही. मी साक्षीला म्हटलं, वर्णन नाही तर मी विणू शकत नाही, मनाचं काही घालणार नाही.

ती म्हणाली, ‘मम्मीसारखी विणा. मम्मी हाय ना समोर.’

मम्मी समोर होती. स्वयंपाकघराच्या दारात बसून तूर पाखडत होती, डोक्यावर पदर हनुवटीपर्यंत. अकरा वर्षं ती या घरात आहे आणि मला तिच्या पायातल्या जोडव्यांपलीकडं काही सांगता येणार नाही. मी जागेवर बसून होतो. अंदाजानं विणायचं, का बघून? मी आयुष्यात अंदाजानं एक टाका घातलेला नाही.

मी म्हटलं, ‘साक्षी, मम्मीला म्हणावं पदर मागं घे. मला नमुना बघायचाय.’

गोपिकाबाईच्या हातातलं ताट थांबलं. सूप थांबलं. मग तुझ्या बायकोनं पदर मागं घेतला. मी बघितलं. चांगला उजेड होता.

लिहून घे. डाव्या भुवईच्या वर जखम, केसांत जाते, तिथले केस डॉक्टरनं कापलेत. तिथं टाक्यांचे वण, टाके घाईत घातलेले, एक उरलेल्यांपेक्षा लांब. डोळ्याखाली काळं होतं ते महिना झाला तरी गेलं नाही, कडेनं हिरवं-पिवळं राहिलंय, कच्च्या मोसंबीच्या सालीसारखं. खालचा ओठ मधे फाटून जुळला, पण जुळताना एका बाजूला ओढला गेलाय. पुढचा एक दात अर्धा. गळ्यावर डाव्या बाजूला नखांचे चार वण आणि उजव्या बाजूला एक, अंगठ्याचा. बोटं लांब आहेत. मी तुझं बोट धरून तुला शाळेत नेलंय, मला ते माप माहीत आहे.

ती माझ्याकडं बघत होती. खाली बघितलं नाही तिनं. मीच खाली बघितलं.

आता त्या दिवसाचं, जे पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. मी दुकानातून पळत आलो होतो. आतून मारल्याचा आवाज येत होता, पीठ तिंबावं तसा. आणि मी उंबऱ्याशी आल्यावर काय केलं असेल? थांबलो, आणि खाकरलो. रोज खाकरतो तसा. सुनेनं बाजूला व्हावं, पदर सावरावा, मग थोरल्यानं आत यावं, म्हणून. तू तिचं डोकं पाट्यावर आपटत होतास आणि मी ती पदर घेण्याची वाट बघत उभा होतो. दोनदा खाकरलो. तिसऱ्यांदा खाकरायच्या आत गोपिकाबाई मागून मला ढकलून आत घुसली.

आपल्या रीतीत काय चूक आहे ते मी सांगत बसत नाही. माझं उत्तर सांगतो. शालू जालन्याला येणार नाही. नाव घेतलंय, परत वाच. साक्षी येणार नाही. तू शिवरात्रीला येऊ नकोस. आलास तर मी खाकरणार नाही.

रामकिसन


२७ फेब्रुवारी

भारत,

अक्षर वाकडं आहे, डाव्या हातानं लिहितोय. उजव्या हाताची दोन बोटं तू मोडलीस, सुई धरायची तीच. डॉक्टर म्हणाला जुळतील. सरळ जुळतील का, विचारलं तर म्हणाला, बघू. असल्या उत्तरानं मला झोप येत नाही.

तुझ्या गळ्याजवळचं हाड मोडलंय आणि खांदा खाली आलाय, एवढं आदिनाथनं दवाखान्यातून येऊन सांगितलं. तू पडल्यावर तुला काही आठवत नाही असंही म्हणाला. मग ऐक, कारण पुढं तुला जबाब द्यायचाय आणि तो माझ्या जबाबाशी जुळला पाहिजे.

शिवरात्रीला दुपारी बाराच्या सुमारास तू आलास. गाडीला पोतं बांधलेलं, पोत्यात तू कामाला आहेस त्या मिलमधली लोखंडी सळई. गोपिकाबाई दारात होती. ती म्हणाली, ‘भाऊजी, उपासाचा दिवस हाय. चपला आन शिव्या भाईर काढून या.’ तू तिला बाजूला लोटलंस. मी मधल्या खोलीत उभा होतो. तू म्हणालास, ‘हट रे बायक्या.’ मी हटलो नाही. तू सळई चालवलीस, मी हात वर केला, बोटं गेली. दुसरी बरगडीवर. मी भिंतीला टेकून खाली बसलो. एवढं तुला आठवत असेल, कारण तू हसलास.

मग तू साक्षीला दंडाला धरून ओढलंस. तिच्या काखेत नवा राक्षस होता. तू तो हिसकावलास, बघितलास आणि म्हणालास, ‘हा मी हाय का?’ तिनं उत्तर दिलं नाही. तू सळई परत उचललीस. लेकरावर, भारत.

तू माझ्याकडं तोंड करून होतास. घाव मागून आला. तुझ्या मागं कोपऱ्यात पाटा होता, आमटीसाठी दाणे वाटायला घेतलेले. माझ्याशिवाय त्या खोलीत वरवंटा उचलायला कोण होतं, ते तुला माहीत आहे. हाड मोडल्याचा आवाज वाळकी तुराटी मोडावी तसा आला. तू गुडघ्यावर आलास. वरवंटा परत वर गेला, या वेळी बराबर टाळूच्या वर. गोपिकाबाईनं मनगट धरलं, दोघी त्या वजनासकट मागं आदळल्या. तू जिवंत आहेस तो गोपिकाबाईच्या मनगटामुळं. तिला बोलताना यापुढं तोंड सांभाळ.

ठाण्यात मी सांगितलं, मी मारलं. डाव्या हातानं. हवालदार माझ्या पट्टीकडं बघत होता, वरवंट्याकडं बघत होता, आणि लिहीत होता. तो म्हणाला, ‘सख्ख्या भावाला?’ मी म्हटलं, ‘हो, सख्ख्याच.’

तूही तेच सांगणार आहेस. माझ्यावरच्या मायेनं सांगशील असं मी समजत नाही. पण बायकोनं पाडलं असं तू मिलच्या गेटवर, पोरांच्या समोर, मरेपर्यंत सांगणार नाहीस. तुझा गर्व मला पाठ आहे, माझ्याच घरातला आहे. केस माझ्यावर होऊ दे. त्या दोघी इथंच राहतील. हे पत्र वाचून फाड. नाही फाडलंस तर तुझीच अब्रू गेटवर टांगशील.

मी हे सगळं बराबर बसवलंय असं मला वाटतं.

रामकिसन


२८ फेब्रुवारी

भारत,

कालचं पत्र फाडू नकोस. हवं तर गेटवर वाचून दाखव.

काल रात्रीची भाकरी झाली, आदिनाथ तुझ्याकडं पाकीट घेऊन गेला होता, आणि शालू माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली. पदर खांद्यावर. साक्षीला मधे न घेता, गोपिकाबाईला मधे न घेता, माझ्याशी बोलली. आवाज मला वाटायचा त्यापेक्षा जाड आहे. ओठ ओढला गेल्यामुळं काही अक्षरं फुटतात.

म्हणाली, ‘दादा, ठाण्यात तुम्ही तुमचं नाव सांगून आल्तात?’

मी म्हटलं, ‘हो. तुला त्या बाकड्यावर बसवायचं न्हाई म्हणून.’

‘मारलं कुणी?’

मी हातावरची पट्टी नीट करायला लागलो.

‘तुमच्या हातचा राक्षस कुणी स्वतःच्या नावानं जत्रेत मांडला, तर चालंल का तुम्हाला?’

मी म्हटलं, ‘त्याची तंगडी मोडीन.’

‘मंग माझं काम तुमच्या नावावर कशाला?’ ती म्हणाली. ‘अकरा वर्षं त्यानं मारलं ते त्याच्या नावावर हाय, डॉक्टरच्या कागदावर हाय. एकदा मी मारलं. ते माझ्या नावावर लागू द्या. लोकांनी म्हणावं, भासऱ्यानं वाचवली? न्हाई वाचवली कुणी. तुम्ही भिंतीला बसल्ते.’

गोपिकाबाई चुलीपाशी खाली मान घालून हसत होती. मला राग आला, हे लपवत नाही. बोटं माझी मोडली, जबाब मी इतका नीट रचला, हवालदाराच्या डोळ्याला डोळा दिला. उठून ओसरीत गेलो. पण मला तिच्या बोलण्यात एकही सैल टाका सापडेना. भिंतीला मी बसलो होतोच.

मी आत येऊन म्हटलं, ‘केस उलटू शकते. तुला आत टाकतील.’

‘टाकू द्या. लेकरावर सळई उचलली म्हणून मारलं, हे तिथंबी सांगीन. तुम्ही फक्त खरं सांगा.’

‘आन मी खोटं बोललो त्याचं?’

‘त्याचं तुम्ही बघा, दादा.’

तर भारत, आता आम्ही ठाण्यात चाललोय. मी माझा जबाब मागं घेणार, ती तिचा देणार. तू काय सांगायचं ते तू ठरव. पडलो म्हण, भावानं मारलं म्हण. ती तिथं सांगणार आहे की सळई घेऊन आलेला नवरा तिनं पाट्यावरच्या वरवंट्यानं पाडला. फाट्यावर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल, जालन्याला उद्यापर्यंत. बरा झाल्यावर तुला या घराकडं यायचं असेल तर त्या लोकांच्या समोरून यावं लागेल. साक्षीला भेटायचं असेल तर तिची आई सांगेल तेव्हा, तिची आई सांगेल तिथं. मला विचारू नकोस, ते ठरवणं माझ्याकडं राहिलेलं नाही.

सकाळी शालूनं मला वरवंट्याचं वजन विचारलं. जबाबात चुकीचं जायला नको, म्हणाली. मी अंदाज सांगत नसतो. पोलिसांनी वरवंटा जप्त केलाय, म्हणून शेजारच्या झुंबरबाईचा त्याच दगडाचा, त्याच मापाचा आणला आणि तांब्याची तार तोलतो त्या काट्यावर ठेवला. दोन किलो सातशे. तिनं दोनदा म्हणून पाठ केलं, पदर खोचला आणि माझ्या आधी बाहेर पडली.

रामकिसन